क्लाइव्हसाठी काळं सूप

पोझनान,
७ नोव्हेंबर १९९४

ती. पेलागियामावशीस,
मिरकाचे शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, कारण उजवी करंगळी बांधलेली आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारात सापडली. बाकी मजेत. आई गेल्यावर हा फ्लॅट खायला उठायचा, पण क्लाइव्ह राहायला आल्यापासून घर भरलंय. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी आमचं लग्न, हे विसरू नकोस.

त्याला आपल्या प्रत्येक पदार्थाच्या नावाचा अर्थ इंग्रजीत लागतो. इंग्रजीचा मास्तरच तो, खोड जाते कुठे! रविवारी गोवोम्बकी केली. म्हटलं, म्हणजे छोटी कबुतरं. त्याने कोबीचं पान उलगडलं, आत खिमा-भात. म्हणाला, कबुतर कुठंय, मला मूर्ख बनवतेस काय, आणि ताट भिंतीवर गेलं. चूक माझीच, मला धड समजावता येत नाही. तू सोपे अर्थ लिहून पाठव ना.

तुझी लाडकी,
मिरका

कुर्निक,
१२ नोव्हेंबर

चि. मिरकास अनेक आशीर्वाद.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार नाही, पडदा आहे. तो मीच शिवलाय. मला शेंडी लावू नकोस.

अर्थ हवेत ना? घे. कोपित्का म्हणजे छोटे खूर, बटाटा-मैद्याच्या गोळ्याचे उकडलेले तुकडे. गोवोम्बकीत कबुतर शोधणारा तो गाढव. आणि चेर्निना म्हणजे बदकाच्या रक्ताचं काळं सूप. याचा अर्थ मात्र नीट वाच.

मला सेवेरिन मागणी घालायला आला होता. देखणा, घरचा बरा. आमच्या फाटकाशी घोडी अडली, तर त्याने चाबकाने तिचा डोळा फोडला आणि हसत आत आला. आईने ते खिडकीतून पाहिलं. जेवायला त्याच्यापुढे काळं सूप आलं. आपल्याकडे मागणी घालणाऱ्याला हे वाढलं की बोलणं संपलं: मुलगी मिळणार नाही, जेव आणि चालता हो. त्याने टेबल उलथलं, सुरीने बाबांचा कान उभा चिरला. आईने लाटण्याने त्याचं मनगट मोडलं. मी धाय मोकलून रडले, कारण मला तो फार आवडायचा गं. पुढे त्याने दुसरी केली. ती पोटुशी असताना त्याच्या लाथांनी मेली. तिच्या जागी मी असते.

बसवाल्याबरोबर बदक आणि रक्ताची बरणी पाठवतेय. व्हिनेगर घातलंय, गोठणार नाही. सोबत आईचं लाटणं आहे. पुढे तू जाणती आहेस.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली,
पेलागियामावशी

पोझनान,
२१ नोव्हेंबर

ती. मावशीस शि. सा. न.

करंगळी त्यानेच मोडली होती. 

त्याची बॅग भरून जिन्यात ठेवली आणि सूप केलं, सुकी नासपती आणि आलुबुखार घालून. क्लाइव्ह मिटक्या मारत जेवला, वर आणखी मागितलं. तेही वाढलं, आपल्या घरून कुणी उपाशी गेलेलं नाही. मग त्याने नाव विचारलं, अर्थ विचारला. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. आधी तो हसला. मग म्हणाला, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं.

त्याने माझे केस धरून तोंड टेबलावर आपटलं. ओठ फुटला, रक्त वाटीत पडलं. लाटणं मांडीवरच होतं. त्याच्या गुडघ्यावर घातलं, तो कोसळल्यावर जबड्यावर घातलं. मावशी, मला थांबताच येईना. शेजाऱ्यांनी मला आवरलं. तो लंगडत जिना उतरला, दात मात्र इथेच राहिला.

ख्रिसमसला तुझ्याकडे येते. काळं सूप सोडून काहीही कर. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मिरका

ता. क. लाटणं परत पाठवणार नाही.