चालताना पाणी प्यायचं नाही

आण्णा, काल मी तुमच्या नावावर एक खोटं खपवलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तुम्ही काही उठून ते खोडून काढणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. ज्या नातीने तुम्हाला कधी पाहिलं नाही, तिच्या मनात आता तुम्ही पोरांना तहानलेलं ठेवणारा एक कडक म्हातारा होऊन बसला आहात. हे निस्तरावं की तसंच राहू द्यावं, याचा सकाळपासून विचार करतो आहे. आज शनिवार, सुट्टी आहे. दोघी मायलेकी खरेदीला गेल्या आहेत, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही राहतो इकडे आखातात, अल थुमामाला, विमानतळाच्या अलीकडे. इथे चालणं म्हणजे मॉलमध्ये फेऱ्या मारणं. मी रोज गाडीने दुखानला कामावर जातो, आणि तिकडच्या किनाऱ्याच्या बाजूने उत्तरेला जाणारी एक लांब पायवाट आहे. सगळी चालायला सहा-सात दिवस लागतील, आम्ही कामावरची काही मंडळी हिवाळ्यात एकेका शुक्रवारी तिचा एकेक तुकडा चालतो. सगळ्यांच्या पुढे असतो तो बीडकडचा एक क्रेन ऑपरेटर. वीस वर्षं बायको-पोरांना गावी ठेवून इथे राहिलेला माणूस. कामावर तो मला साहेब म्हणतो, माळावर मी त्याचं ऐकतो. पहिल्यांदा तो माळ पाहिला तेव्हा मी उभाच राहिलो होतो, आण्णा. रंग वेगळा आहे, इथलं सगळं पांढरट-पिवळं आणि आपला कातळ काळपट तांबडा. पण झाड नाही, सावली नाही, पायाखाली नुसता दगड आणि सगळीकडून वारा. आपला गावाकडचा सडाच. तुमच्या मागून मी ज्या सड्यावर चालायचो तो. घरी येऊन पोरीला सांगायला गेलो, तर तिने कानातला इअरफोन काढलासुद्धा नाही.

तुमची नात तेरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि बहुतेक वेळा ते उत्तर 'नो' असतं. त्यामुळे या शुक्रवारी ती आपण होऊन "मी पण येते" म्हणाली, आणि तेही मराठीत, तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हीच समजा. पहाटे उठून बायकोने थेपले बांधून दिले. पोरीच्या पाठीवर ती हल्लीची पाण्याची पिशवी, तिच्यातून तोंडाशी येणारी नळी. सहाला चालायला लागलो तर ही दर दहा पावलांना नळी चोखते. आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. म्हटलं, "चालताना पाणी प्यायचं नाही. पोटात डचमळतं, पाय जड होतात. बसल्यावर प्यायचं." ही पोर, जी मीठ पुढे कर म्हटलं तरी वाद घालते, तिने नळी खांद्यावर अडकवून टाकली. माझी छाती फुगली. पहिल्या थांब्याला ती जेमतेम चार घोट प्यायली आणि माझ्याकडे बघून हसली, जणू परीक्षेत पास झाली. मीही तिला शाबास म्हटलं. मार्च संपत आला आहे, ऊन एकदम चढतं, हे मला कळायला नको होतं का?

दहाच्या सुमाराला ती बोलायची थांबली. मला वाटलं, दमली. साडेदहाला ती वाटेतच बसली आणि थेपला ओकली. चेहरा लाल, हात लावला तर कोरडा आणि तापलेला. त्या बीडच्या माणसाने तिला उचलून एका कड्याच्या कपारीत नेलं, तिची ओढणी भिजवून मानेला गुंडाळली, स्वतःच्या पिशवीतली साखर-मिठाची पुडी पाण्यात कालवून घोट घोट पाजायला लागला. तिच्या पिशवीला हात लावून बघितला आणि माझ्याकडे वळला.

"साहेब, पिशवी भरेलच आहे की! लेकराचं पाणी कामून तोडलंत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्या वडिलांचा नियम आहे. ते उन्हात सड्यावर मैलोन् मैल चालायचे. चालताना पाणी पिऊ द्यायचे नाहीत."

"असंल नियम," तो म्हणाला, "पण लेकरासाठी कुणी असा नियम करतं का? खलास, चालणं बंद आता. गाडी बोलावतो."

तासाभरात ती ठीक झाली, आण्णा, काळजी करू नका. तेल कंपनीच्या रस्त्यावरून गाडी आली, दुखानच्या डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. संध्याकाळी बायको मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. त्यात पोरगी माझ्या बाजूने उभी राहिली. "मम्मा, इट्स नॉट हिज फॉल्ट. दॅट वॉज आजोबाज रूल." मग मला म्हणाली, "ही वॉज व्हेरी स्ट्रिक्ट, नो?" मी म्हटलं, "हो, जरा कडकच होते."

आता खरं काय ते लिहितो. मी नऊ वर्षांचा आहे. ऑक्टोबर आहे, सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालंय आणि कातळ तव्यासारखा तापलाय. तुम्ही वायरमन, खाकी शर्टाला घामाचे पांढरे डाग. एकेका खांबाखाली थांबून वरचे चिनी मातीचे कप फुटलेत का बघता, वहीत टिपता, पुढे चालता. पाणी म्हणजे एक फिरकीचा तांब्या, तोही माझ्या हातात. मध्ये विहीर नाही, वाडी नाही, संध्याकाळपर्यंत तेवढंच पाणी. मी विचारतो, "आण्णा, तुम्ही नाही पीत?" तुम्ही वर तारेकडे बघतच म्हणता, "चालताना मी पीत नाही. तू पी." बस, एवढंच. मला कधीही पिऊ नको म्हणाला नाहीत. उलट मी थांबलो की मागे वळून "प्यायलास का रे?" हेच विचारायचात. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं, सड्यावरून आलात की पडवीत न बसता थेट मागच्या दारी जायचात आणि उभ्या उभ्या तीन तांबे पाणी प्यायचात. मला दिसू नये म्हणून.

म्हणजे मला हे एकवीस वर्षं माहीत होतं. तरी मी तुमच्या वाक्यातला निम्मा भाग ठेवला आणि निम्मा टाकून दिला. का, ते काल गाडीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसलो तेव्हा कळलं. तुमचा तो नियमच होता असं धरलं, तर मला काही वाटून घ्यायला नको. पण तो नियम नव्हता, तर मग मी नऊ वर्षांचा असताना, दहा वर्षांचा असताना, अकरा वर्षांचा असताना, दरवेळी तो तांब्या तळापर्यंत संपवला आणि एकदाही तुमच्यापुढे धरला नाही. एकदा तरी, आण्णा. तुम्ही घेतला नसतात, पण मी धरायला हवा होता. माझं तुमच्यावर फार प्रेम होतं हो, आणि तरी हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पोरीला खरं सांगायचं तर हे सगळंच सांगावं लागेल. आज नाश्त्याला ती म्हणाली, आजोबांबद्दल काहीतरी चांगलं सांग. मी म्हटलं, ते खांबावर सरसर चढायचे. तिला ते आवडलं.

आता दारात चावीचा आवाज येतो आहे. हा कागद मी लपवणार नाही, इथेच टेबलावर उघडा ठेवतो. पोरीला मराठी कळतं, वाचता मात्र येत नाही. म्हणून तर इतकं धीटपणे लिहिलं.