सोडलेली शिडी

दादा, मला अजून तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्या वयाला येऊन ठेपले. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण राग काही म्हातारा झाला नाही. गेलेल्या बापावर रागावू नये म्हणतात. का नाही रागवायचं? जिवंत होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. वर्गात पोरं चिडीचूप आणि घरात आई आणि मी चिडीचूप. गावाला तुमच्यासारखा गुरुजी पुन्हा मिळाला नाही, हे मला मान्य आहे. त्याचाही मला राग येतो, कारण तुम्ही वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

जयंतीच्या आदल्या दिवसाबद्दल लिहायचंय. आपल्यात त्या दिवसाबद्दल कधी अक्षरही बोललं गेलं नाही. अकरावी सायन्सचा शेवटचा पेपर देऊन मी पारनेरहून घरी आले होते. एप्रिलचं ऊन, विहाराच्या भिंतीला नवा चुना, आणि आपण सगळे निळ्या पताका लावतोय. शिडीवर एक पोरगा चढत होता. त्याला तुम्ही खाली उतरवलंत आणि मला म्हणालात, "तू चढ. आपल्या मुली वर चढतात हे दिसू दे लोकांना." मी हरखून गेले. ओढणी कमरेला बांधली आणि सरसर वर गेले. खाली शिडी तुम्ही धरली होती, दोन्ही हातांनी, एक पाय खालच्या पायरीवर रोवून. मी वर खिळ्याला सुतळी गुंडाळतेय, आणि तेवढ्यात तालुक्याचे शाळा तपासणारे साहेब फटफटीवरून येतात. गाडी बंद करून म्हणतात, "जय भीम, गुरुजी." आणि तुम्ही शिडी सोडून दोन्ही हात जोडता.

एका हातानं तुम्ही कधी कुणाला जय भीम केला नाही. आम्हालाही तसंच शिकवलं होतं, की हातातलं काम आधी खाली ठेवायचं, ताठ उभं राहायचं आणि मग दोन्ही हात जोडायचे. तुमच्या वडिलांना आयुष्यभर कमरेत वाकून जोहार घालावा लागला, म्हणून तुमचा नमस्कार असा पूर्ण आणि ताठ होता. हे सगळं मला कळतं, दादा. फक्त त्या दिवशी तुमच्या हातातलं काम मी होते. मी वरून पाहिलं, तुमचे जोडलेले हात आणि साहेबांकडे वळलेलं तोंड. मग विहाराच्या ओट्याची दगडी कड आली, आणि पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं. तुमचा पहिला शब्द मला नीट आठवतो. "ऊठ, काही झालेलं नाही." रक्त आलं नव्हतं, कानामागे एक टेंगूळ होतं तेवढंच. पारनेरला नेऊन डोक्याचा फोटो काढला, हाड शाबूत निघालं. तो फोटो तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला खिडकीच्या उजेडात धरून दाखवलात, पास झालेल्या पोराचा निकाल दाखवावा तसा. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. उजेड डोळ्यांत घुसायचा. मोरीत तांब्या पडला तर माझ्या कवटीत पडायचा. कूस बदलली की घर गरागरा फिरायचं. शब्द सापडेनासे झाले. चाळणी हवी असायची आणि मी म्हणायचे, "ती, ती भोकाभोकांची." आई आधी हसायची, नंतर तिचं हसणं बंद झालं.

जूनमध्ये बारावी सुरू झाली. तालुक्याला जाणं जमेना, म्हणून तुम्ही मला घरीच बसवलंत. पहाटेची आंघोळ, डोक्यावर ट्यूब, समोर फिजिक्स. आपल्या घरात पुस्तक हेच औषध होतं. तुम्हाला लहानपणी दिव्याखाली बसायला मिळालं नाही, म्हणून मला उजेडात बसवलं की तुमचं समाधान व्हायचं. "सवयीनं जाईल," म्हणायचात. "मन गुंतलं की दुखणं विसरतं." मी ओळ धरायचे, ओळ हलायची. एका सकाळी मला उचमळून आलं आणि मी पुस्तकावरच ओकले. तुम्ही धावत आलात, पंच्याच्या टोकानं पान टिपलंत, पुस्तक उचलून उन्हात उभं केलंत, आणि मग माझ्याकडे वळलात. आधी पुस्तक, दादा. पोटच्या पोरीच्या हनुवटीवरून ओघळ येतोय आणि तुम्ही पान पुसताय. नर्सच्या नोकरीत मी माणसांचं काय काय पुसलंय, पण प्रत्येक वेळी आधी माणूस पुसलाय.

मग ते लिंबाचं प्रकरण झालं. त्यानं तुमचं नाव अख्ख्या तालुक्यात झालं. शेजारची मावशी आली होती. जीव लावणारी बाई, मला तिचा राग येत नाही. उंबऱ्यात बसून ती म्हणाली, "गुरुजी, पोरीचं डोळं बगा, कुटं बगती ती. ह्यो डाक्टरचा रोग न्हाई. एकदा दाखवून तर बगा." आणि पदराच्या गाठीतलं उतरवलेलं लिंबू तिनं पुढे केलं. तुम्ही ते घेतलंत आणि अंगणापलीकडे भिरकावलंत. एरवी तुमची भाषा पुस्तकासारखी, पण रागात ती गावची व्हायची. "ह्या घरात लिंबू येनार न्हाई. पोरगी मेली तरी येनार न्हाई." गल्लीनं ऐकलं. गल्लीनं वाहवा केली. आत अंथरुणावर मीही ऐकलं. बरोबरच होतं तुमचं, लिंबानं काय होणार होतं? पण त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "मग नगरला मोट्या डाक्टरकडं तरी न्या," तर तिलाही तुम्ही तोच फोटो दाखवलात. "हाड शाबूत हाय. आता जे हाय ते मनाचं हाय." म्हणजे देवऋषी नको, कारण ती अंधश्रद्धा, आणि डॉक्टरही नको, कारण फोटो स्वच्छ. मग मी कुणाकडे जायचं होतं?

शेवटी आई खोटं बोलली. तिनं आयुष्यात तुमच्याशी बोललेलं ते एकच खोटं मला माहीत आहे. बहिणीकडे जाऊन येते म्हणाली आणि मला घेऊन दुधाच्या टेम्पोत बसली. रस्ता नुसता खड्ड्यांचा. नगर येईपर्यंत तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं, भरली घागर धरावी तसं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फोटो बघितलाच नाही, आधी मला विचारलं, काय काय होतं? मी सांगत गेले. चाळणीचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेंदू हादरलाय तुझा. हाड मोडलं तर फोटोत दिसतं, हादरलेलं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे झालं नाही, असं नसतं." मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले आणि रडल्यानं डोकं आणखी ठणकलं. बरं होणार का, एवढंच आईनं विचारलं. "होणार. पण घाई केलीत तर लांबणार." पावसाळा अर्धा सरला होता आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला खरं मानलं होतं.

घरी आल्यावर आईनं सगळं खरं सांगून टाकलं. तुम्ही जेवला नाहीत, पण पुढच्या खेपेला स्वतः बरोबर आलात, इस्त्रीचा सदरा घालून. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि सहज विचारलं, "पडली कशी ही?" मी तुमच्याकडे पाहिलं. आई तुमच्याकडे बघत नव्हती, तिला माहीत नव्हतं. त्या खोलीत माहीत होतं ते फक्त तुम्हाला आणि मला. तुम्ही सदऱ्याची बाही नीट केलीत आणि म्हणालात, "शिडी सरकली."

शिडी सरकली नव्हती, दादा. त्या क्षणी मला तुमचा तो फोटो कळला. मला काही झालेलं नसणं तुम्हाला का हवं होतं, तेही कळलं. मला काही झालंय म्हटलं असतं, तर ते कुणीतरी केलेलं ठरलं असतं. म्हणून मी आळशी ठरले, मनाची कमकुवत ठरले, आणि तुमचे हात मात्र जोडलेलेच राहिले. हात सोडल्याचा मला राग नाही. कुणाचाही सुटेल. पण स्वतःचं मन शांत राहावं म्हणून तुम्ही माझं दुखणं खोटं ठरवलंत, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर तुम्ही सगळं केलंत, हेही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. बारावीला वर्षाचा खंड पडू दिलात. गुरुजींच्या घरात खंड म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. खिडकीला गोणपाट लावलंत. ट्यूब काढून बारीक बल्ब बसवलात. डॉक्टरीणबाईंनी चक्करीचा व्यायाम शिकवला होता. खाटेच्या कडेला बसायचं, एका कुशीवर झटकन आडवं व्हायचं, घर फिरायचं थांबेपर्यंत तसंच राहायचं, मग उठून दुसऱ्या कुशीवर. किती भयंकर वाटायचं ते. आई उशाशी बसायची आणि तुम्ही दारात उभे राहायचात, आत न येता. मग अंगठा डोळ्यांसमोर धरून मान हलवायची, मग सकाळच्या गार हवेत बांधापर्यंत चालायचं, रोज थोडं पुढे, डोकं दुखायला लागायच्या आत परत. दुखण्याच्या गोळ्या रोज खायच्या नाहीत, असं बजावलं होतं, कारण गोळ्यांनीही डोकं दुखतं. झोपेची एक बारीक गोळी तेवढी होती. पुढे कधीतरी कडाक्याच्या थंडीत मी खाली वाकून केस धुतले आणि अंगण जागच्या जागी राहिलं. मी ओले केस घेऊन तशीच वाकलेली राहिले, किती वेळ कोण जाणे. आईला वाटलं पुन्हा काही झालं. मी म्हणाले, "काही नाही, अंगण हलत नाहीये." ती तिथेच चुलीपुढे मटकन बसली. तुम्ही ओसरीवर होतात. तुम्ही ऐकलंत, आणि पेपरचं पान उलटून पुन्हा वाचायला लागलात. पुढच्या जयंतीला तुम्ही मंडळाच्या पोरांना सांगून भोंग्याचं तोंड शेताकडे फिरवून घेतलंत. सगळं केलंत, फक्त एक वाक्य तेवढं बोलला नाहीत. मी वाट बघितली. बारावी झाले, नर्सिंगला लागले, सुट्टीवर आले की तुमच्या शेजारी ओसरीवर मुद्दाम बसून राहायचे. तुम्ही पावसाचं बोलायचात. मग एक दिवस हॉस्टेलच्या एसटीडी बूथवर फोन आला की तुमची छाती दुखली, आणि मी गाडीत बसेपर्यंत तुम्ही गेलात. ते वाक्यही तुम्ही बरोबर घेऊन गेलात. किती सोयीचं.

परवा तुमच्या स्मृतिदिनाला विहारात कार्यक्रम झाला. लिंबू फेकल्याची गोष्ट पुन्हा सांगितली गेली, आता ती चांगली रंगते. टाळ्या झाल्या. माझी मुलगी माझ्याबरोबर होती, कॉलेजात आहे ती. परत येताना गाडीत म्हणाली, "आई, आजोबा ग्रेट होते ना." मला काय झालं कळलं नाही, मी तिला सगळं सांगितलं. शिडी, जोडलेले हात, उन्हात वाळवलेलं पुस्तक, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न. इतक्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं, तिच्या बापालाही नाही. मग म्हणाली, "म्हणजे भित्रे होते. स्वतःच्या मुलीला साधं सॉरी नाही म्हणता आलं? आणि लोक टाळ्या वाजवतात."

हे सगळं मी मनात हजारदा म्हटलंय. शब्दही जवळपास हेच. पण तिच्या तोंडून ते आलं आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "तोंड सांभाळून बोल. तुला काय माहीत ते कुठून आले होते? तुला काय माहीत दोन्ही हात जोडायला त्यांना किती पिढ्या लागल्या?" घर आल्यावर ती सरळ आपल्या खोलीत गेली. आजही ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते आहे, आणि चूक तिची नाही.

पत्र कुठे टाकणार? डब्यात ठेवीन नाहीतर फाडीन. तुम्हाला माफ केलं असं समजू नका, केलेलं नाही. फक्त एवढं कबूल करते, दादा, की तुमच्यावर रागवायचा हक्क माझा एकटीचा आहे. तो मी माझ्या पोरीलाही देणार नाही.