घरी केलेलं विमान

रविवार, दिवेलागण. पोलादपूर.

अमेरिकेतून दिनेशचा फोन. स्वतः जोडलेल्या विमानातून हिंडतो, त्याची काय ती ऐट. वर गेलं की विमानतळावरचा टॉवरवाला रेडिओवर विचारतो, विमान कुठलं? त्यावरून त्याला वेग कळतो आणि मागच्या विमानाला तो तेवढं लांब ठेवतो. 'एक्सपेरिमेंटल' म्हणायचं, म्हणजे घरी केलेलं. ह्यानं कंपनीच्या विमानाचं नाव ठोकलं. ते पळतं दुप्पट. मग काय, मागचं मोठं विमान ह्याच्या शेपटाला येऊन भिडायचंच बाकी होतं. आणि हसत सांगतो, निर्लज्ज.

"घरी केलेलं म्हणायला जीभ झडते काय रे?"

"लोक हसतात गो आई."

हसतात म्हणे. लग्न ठरवताना सासऱ्याला गाव मुंबई सांगितलं ते ह्यानंच. पोलादपूर तोंडातून निघालं नाय. तोच हा.

पुढच्या रविवारी नातीला वर नेणार होता. सुनेला फोनवर बोलावलं. म्हटलं, "तो घरी केलेलं म्हणत नाय तोवर पोर खालीच ठेव."

"आई, मी तरी कुठं बसते त्याच्यात?"

मागून हा ओरडला, "सांगीन गो, सांगीन."

सांगशील तेव्हा सांग. पोर खाली.