पायऱ्यांचे गुण

१८ जानेवारी
पूर्वपरीक्षेचे पेपर मिळाले. भौतिकशास्त्र सत्तरपैकी अठरा. सहामाहीला एक्केचाळीस होते. गणितही खाली. क्लासचे सर पेपर न बघताच म्हणाले, "बारावीला नुसतं पास व्हायचं की. कॉलेज सीईटीवर मिळतं." सगळा क्लास हेच धरून बसलाय. मीही.

१९ जानेवारी
पेपर पुन्हा पाहिला. बऱ्याच गणितांची उत्तरं बरोबर. पण नुसती उत्तरं. वर्षभर चार पर्यायांतला एक गोल काळा करत आलो. उत्तर कुठून आलं ते कागदावर मांडताच येईना. शेजारी बसणारा इरफान हसला. "क्या मियाँ, गोले भरते भरते लिखनाच भूल गया क्या?" त्याचे स्वतःचे पंधरा.

२ फेब्रुवारी
आज इरफान हसत नव्हता. त्याच्या चुलतभावाचं कळलं. गेल्या वर्षी सीईटीत चांगले गुण, यादीत नावही लागलेलं. कागदपत्रं तपासताना अडला. भौ., रसा., गणित मिळून बारावीला जे किमान टक्के लागतात तेवढे नव्हते. खिडकीवरूनच परत. पास होता तो.
सरांना विचारलं. "एखाद्याचं होतं रे तसं."
एखादा म्हणजे कोण?

३ फेब्रुवारी
नान्नांना सांगायचंच म्हणून ते माग चालवतात त्या कारखान्यात गेलो. मागांच्या खडखडाटात काही बोलता येईना. बाहेर चहाला आल्यावर तेच म्हणाले, "मालकांना सांगून टाकलं रा. जुलैपासून माझा पोरगा व्यंकटेश येणार न्हाय. टेक्स्टाईल इंजिनिअर होणार." दहावीनंतर शाळा सोडून मी दोन वर्षं इथलाच एक माग चालवला. अजून रविवारी चालवतो. मग काय सांगणार. चहा प्यालो.

१० फेब्रुवारी
रोज पायऱ्या लिहून काढतो. अम्मा समोर विड्या वळत असते, तिलाच मोठ्यानं समजावतो. तिला यातलं काही कळत नाही, पण मी उडी मारली की लगेच, "मग? मधी काय झालं?"
मधलंच तर येत नाही.

भौ.चा पेपर झाला त्या दिवशी
बरा गेला. शेवटच्या मोठ्या गणिताला वेळ कमी पडला आणि हातानं आपोआप नुसतं उत्तर लिहिलं. लक्षात आलं तेव्हा पुरवणी बांधून झाली होती. घरी येऊन तेच गणित सगळ्या पायऱ्यांसह वहीत सोडवलं. व्यवस्थित आलं. त्याचा काय उपयोग.

मे. निकाल
पास. तिन्ही विषय मिळून दोन गुण कमी. दोनच.
शेजारच्या मावशी पेढे मागायला आल्या. अम्मानं त्यांच्या हातावर साखर ठेवली. तिला अजून पास म्हणजे पासच वाटतंय.
इरफानचे टक्के भरले. 

८ जून
सीईटीचे गुण छान आले. एरवी नाचलो असतो.
उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन कॉलेजात भौ.च्या बाईंकडे गेलो. चष्मा वर करून सावकाश पाहिली. "शेवटच्या गणिताला उत्तराचा एक दिलाय. मधलं काहीच नाही, कशाचे देतील? पण इथं, तिसऱ्या प्रश्नात पायरी आहे आणि गुण नाही. एक वाढायला हवा. दुसरा गुण तपासणाऱ्याच्या मर्जीवर." पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला.
रात्री जेवताना घरी सगळं सांगून टाकलं. अम्माचा हात ताटातच थांबला. नान्नांनी एवढंच विचारलं, "किती कमी?"
"दोन."
"हं."

३० जून
अर्जाचं उत्तर आलेलं नाही. कागदपत्रांची तपासणी आठवड्यावर.
रविवार म्हणून कारखान्यात गेलो. मालक नान्नांना म्हणाले, "होटगीचा माणूस आलाय कामाला. पोराचा माग त्याला देऊ, का थांबू थोडं? तुमच्या पोराचं अडलंय म्हणं की."
नान्नांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली.
"द्या," म्हणाले.
डाव्या अंगाला धागा सारखा तुटतो, ते त्या माणसाला दाखवून दिलं. एकदा त्यानं स्वतः जोडला. मग मी बाजूला झालो.