साडूभाऊंची सेटिंगची फाइल

श्री. साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. (रागात असूनही नमस्कार करतोय, कारण हे पत्र ताईही वाचणार.) आपली पाठदुखी कशी आहे? कमी असावी. आमच्याकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून सगळे. पत्र पाहून आश्चर्य वाटलं असेल, पण फोनवर भांडायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तुम्ही एखादी नवी युक्ती सांगायला लागता आणि मीही मूर्खासारखा ती लिहून घ्यायला लागतो.

मागे तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा चहा निवून गेला तरी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपसमोरून हलला नाहीत. "अजून हीच पांढरी स्क्रीन? अहो, लोक कुठे पोचले!" असं म्हणून तुम्ही स्वतःची सेटिंगची फाइल मला पाठवलीत. "डोळे झाकून जशीच्या तशी टाका," म्हणालात. मी टाकली. आपल्या प्रोग्रामिंगच्या धंद्यातल्या लोकांची कीव करावी तेवढी थोडीच. टोमॅटो घेताना आपण चार वेळा दाबून बघतो आणि दुसऱ्याचा पानभर कोड मात्र न वाचता आपल्या मशीनमध्ये ओततो. स्क्रीन काळी झाली, अक्षरं रंगीत झाली, लांबलचक आज्ञा दोन अक्षरांत होऊ लागल्या. मी खूश. बायकोला बोलावून दाखवलं. (ती म्हणाली, "वाचता येतंय ना?" आणि गेली.)

त्या फाइलमध्ये एका ओळीत तुमचं नाव आणि तुमचा ई-मेल होता! आपल्या कामात केलेला प्रत्येक बदल करणाऱ्याच्या नावानिशी नोंदला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. (सांगतोय ते ताईंसाठी.) त्या दिवसापासून मी रक्त आटवून लिहिलेली प्रत्येक ओळ तुमच्या नावावर जमा होत गेली. आमची कंपनी लॉन्ड्रीवाल्यांसाठी प्रोग्राम बनवते. एकाची पँट दुसऱ्याच्या पावतीवर जाण्याचा जो जुनाट रोग होता, तो मी बरा केला. मी! लॉन्ड्रीवाले खूश, साहेब खूश. टीमचं प्रमुखपद कोणाला द्यायचं हे ठरवायला साहेबांनी नोंदी काढल्या, तर माझ्या नावापुढे काहीच नाही. जिकडे बघावं तिकडे तुम्ही.

तुमचं इतकं कौतुक तुमच्या स्वतःच्या ऑफिसात कधी झालं नसेल. साहेबांनी एचआरच्या बाईंना विचारलं, हे सद्गृहस्थ बसतात कुठे? बाई अख्खा मजला पालथा घालून आल्या. मग सर्वानुमते ठरलं, की हे घरून काम करत असणार. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, रजा मागत नाहीत, पगारवाढीचं नाव काढत नाहीत. साहेब म्हणाले, "माणूस असावा तर असा!" मी धावत जाऊन खरं काय ते सांगितलं, की हे माझे साडू, आमच्या कंपनीत नाहीतच. त्यावर माझ्या शेजारी बसणारा चष्मेवाला (त्यालाही प्रमुख व्हायचंय) सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हणजे इतके दिवस तुमचं काम साडू करत होते?" बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. जितकं समजावून सांगतो, तितके लोक माझ्याकडे आणखी दयेने बघतात.

ऑफिसचं एक वेळ सोडा. हिने हे सगळं सासूबाईंना फोनवर सांगितलं. मला वाटलं, त्या तरी हळहळतील. तर त्या म्हणाल्या, "थोरल्या जावयांचं मन मोठंच हो, धाकट्यांचंही काम ओढताहेत बिचारे." लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतोय. त्यांचा नळ दुरुस्त केला तो तुम्ही, पंखा बसवला तो तुम्ही, जावयांत शहाणे ते तुम्ही. एक गोष्ट, एकच, मी माझ्या अकलेने केली होती, तीही तुमच्या नावावर! तळपायाची आग मस्तकात जाते. पुन्हा कोणाला 'जशीच्या तशी टाका' म्हणालात, तर गाठ माझ्याशी आहे.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुम्हाला काही नाही.

आपला (नाइलाजाने),
धाकटा साडू

ता. क. : साहेब तुम्हाला फोन करणार आहेत. यातली एकही ओळ तुमची नाही, एवढंच सांगा. प्रमुखपद मिळालं तर ते आत्ताच, नाहीतर चष्मेवाला टपून बसलाच आहे. कृपा करून साहेबांना युक्त्या सांगत बसू नका.

आणखी ता. क. : पत्र टाकायचं राहिलं आणि मध्ये बरंच काही झालं. मी रागाच्या भरात तुमची फाइल पुसून टाकली, स्वतःचं नाव घातलं आणि स्वतःच्या नावावरचं पहिलं काम केलं. आज दुपारपासून प्रत्येक लॉन्ड्रीत सगळे कपडे एकाच गिऱ्हाइकाच्या पावतीवर निघताहेत. या खेपेला नाव लगेच सापडलं. साहेबांनी मला बजावलंय, "तुम्ही आता कशाला हात लावायचा नाही. हे दुरुस्त करतील तर ते सद्गृहस्थच." चूक कुठे आहे ते मला कळलंय, दुरुस्तीही जमेल. तेव्हा साहेबांचा फोन आला, तर "करतो" म्हणा आणि ठेवून द्या. आणि ती फाइल मला पुन्हा पाठवा. नावाच्या ओळीसकट.