कोसमी नाल्यावर मी वजा केलेले चार फूट

आलापल्ली, तालुका सिरोंचा, जिल्हा चांदा
दिनांक १६ फेब्रुवारी १९५५

गेल्या ऑगस्टपासून मी कोणाच्याही पत्राला उत्तर दिलेले नाही, रोजनिशीतही एक ओळ लिहिलेली नाही. ज्यांना माझ्या उत्तराची वाट पाहावी लागली त्यांची, आणि त्यातही मुश्ताकची, मी आधी क्षमा मागतो. बाकीचे नंतर.

मी, गुणवंतराव महादेवराव बोरकुटे, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा सरकारी नोकरी, हुद्दा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दुखते ते मूत्रपिंड. येत्या मंगळवारी नागपुरात खड्याचे ऑपरेशन आहे आणि डॉक्टरांनी घरच्या माणसांना सोबत आणायला सांगितले आहे, त्यावरून जे समजायचे ते मी समजलो. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालणारे आहेत, पण त्यांनी तो मी काही लिहू नये म्हणून घातला आहे.

१. आरमोरीचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते, त्यातील भांडीकुंडी आणि पोस्टातील शिल्लक माझी पत्नी सौ. इंदुताई हिची. एकट्या बाईला एवढे घर कशाला, असे कोणी म्हणाले तर त्याला हे कलम मोठ्याने वाचायला लावावे.

२. वडिलोपार्जित धानाच्या शेतीत माझा भाऊ रामाजी याचा जो हिस्सा आहे तो कायद्याने त्याचा आहेच. माझ्या स्वतःच्या वस्तूंपैकी त्याला काहीही मिळू नये. सप्टेंबरात तो मुद्दाम इथवर आला, माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, पोराचं नाव सांगून मोकळे व्हा ना. तो तरणा हाय, कुठीबी पोट भरंल. तुमची पेन्शन बुडाली त आमी तोंड कुठी दाखवाचं?" मी त्याला हाकलले नाही. जेवायला वाढायला सांगितले. त्याच्या बोलण्याचा राग येतो तेव्हा त्या जेवणाचाही येतो.

३. ज्या पोराबद्दल तो बोलत होता तो मुश्ताक, चांद्याच्या इब्राहीमभाई घड्याळवाल्यांचा मुलगा, जबलपूरला इंजिनिअरिंग शिकणारा. त्याच्यावर जो ठपका आहे तो माझा आहे. हे कलम मालमत्तेचे नाही, पण माझ्याजवळ देण्यासारखे यापेक्षा महत्त्वाचे काही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कोसमी नाल्याच्या काठी अर्जुनाचे एक जुने झाड आहे. मोठा पूर ओसरला की पाणी जिथवर चढले तिथे कुऱ्हाडीने खाच घालायची, अशी काठच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, रीत. सर्वांत वरची खाच म्हाताऱ्या लटारूच्या बापाने घातलेली. लटारूने मला ती बोट लावून दाखवली. ९ एप्रिल १९५३ रोजी मी तिची उंची घेतली आणि मग शहाणपणा केला. खाच चाळीस वर्षांची, तेवढ्या काळात झाड वाढले, म्हणजे खाचही वर गेली असणार, असे धरून मी चार फूट वजा केले. नाल्यावरचा नवा पूल त्या हिशेबाने आखला. लटारूला विचारले नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसाने ढिवराला काय विचारायचे?

मुश्ताक ११ मे रोजी सुट्टीतल्या कामासाठी आला. मला तो नको होता. पंधरा दिवस मी त्याला नुसता मोजणीची पट्टी धरून उन्हात उभा केला. सोळाव्या दिवशी तो माझी मोजणीची वही घेऊन आला.

"सर, हे चार फूट कुठी गेले?"

मी झाड वाढण्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने जंगल खात्याचा नाकेदार दसरू मडावी याला बोलावून आणले. दसरू मला सागाच्या कूपात, तोडीसाठी आखलेल्या जंगलात, घेऊन गेला. तोडायच्या झाडांवर खाते घन मारते, त्याचा ठसा त्याने दाखवला.

"हा मीच मारला साहेब, आठ वर्सं झाली. तवा छातीले होता, आताबी छातीलेच हाय. झाड शेंड्याकून वाढते. बुड थोडंच वर सरकते?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तसं असतं त आमाले दर साली शिडी घेऊन हिंडा लागलं असतं."

मुश्ताक हसला नाही. त्याचे मला जास्त लागले. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सुधारित आकडे घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो.

साहेबांनी कागद उघडलादेखील नाही. "बोरकुटे, अंदाजपत्रक मंजूर झालंय, ठेका दिलाय. मंजूर कागदात चूक नसते. आता पोरांनी शंका काढायच्या आणि सरकारनं पूल उचलायचे का?"

मी "नाही साहेब" म्हणालो. त्यांच्याही वरच्या साहेबांना लिहिता आले असते. लिहिले नाही. पूल चार फूट खालीच बांधला. गेल्या ऑगस्टात पाणी लटारूच्या बापाच्या खाचेला बरोबर टेकले आणि पुलाचे तीन गाळे घेऊन गेले.

त्यानंतर कच्चा अहवाल निघाला की उंचीची मोजणी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याने केली होती. तो विद्यार्थी यायच्या आधी बत्तीस दिवस ती मोजणी झालेली आहे, माझ्या अक्षरात, तारखेसह. साहेबांनी ती मोजणीची वही, लेव्हल-बुक, मागितली तेव्हा वर हेही म्हणाले, "जुनी वही आहे. सापडत नसेल तर तसं लिहून द्या." मी "सापडत नाही" असे सही करून लिहून दिले. वही माझ्या ट्रंकेत आहे, धोतरांच्या खाली. चौकशीचा अहवाल २८ तारखेला पक्का होईल आणि मग मुश्ताकला कोणत्याही सरकारी बांधकामावर घेणार नाहीत. त्याची चार पत्रे आली. शेवटच्यात एवढेच होते: "सर, मले दुसरं काही नको. तेवढी तारीख सांगून द्या."

ती तारीख: ९ एप्रिल १९५३. वही मुश्ताकच्या हाती द्यावी.

४. पोरांना शिकवून तुम्हाला काय भेटते, असे कचेरीत मला पुष्कळांनी हसून विचारले. त्यांना हे उत्तर. मी मुश्ताकला चुना बोटांत चोळून ओळखायला शिकवले, मुकादमाचा खोटा हजेरीपट पाहताच पकडायला शिकवले, आणि पुस्तकातल्या पायाला इथली काळी माती जुमानत नाही हे खड्ड्यात उतरवून दाखवले. दुसऱ्या वर्षी त्याने आपणहून माझ्याच हाताखाली काम मागितले. दुपारी मजूर शिदोऱ्या सोडत तेव्हा तो त्याची कॉलेजातली वही माझ्यापुढे उघडी. नाल्यातून किती पाणी वाहील ते काढायची नवी रीत मी त्याच्याकडून शिकलो, तीन वेळा चुकून. अठरा वर्षांच्या नोकरीत मी नवे पुस्तक उघडले नव्हते. मी जेव्हा "असेच असते" म्हणे, तेव्हा तो "काऊन सर?" विचारी आणि मला खरोखर विचार करावा लागे. तो कामाचा इंजिनिअर झाला, मी पुन्हा विद्यार्थी झालो. असा फायदा मला कोणत्याही वरिष्ठाने करून दिला नाही.

म्हणून माझी ड्रॉइंगची हत्यारांची पेटी, पोलादी टेप आणि सर्व पुस्तके मुश्ताकला. पेटीतील मोठा कंपास जरा ढिला आहे, इब्राहीमभाईंनी तो घट्ट करून द्यावा. पुढे त्याच्याकडे कोणी शिकायला आले तर त्याला पंधरा दिवस पट्टी धरून उभे करू नये.

५. माझ्या पगारातून घेतलेली बैलजोडी मुखरू गाडीवानाला द्यावी. पूल गेला तेव्हा त्याची बंडी पुलावर होती. तो पोहून निघाला, जुवाला बांधलेले बैल निघाले नाहीत. रामाजीने हरकत घेतली तर कलम दोन पुन्हा वाचावे.

६. माझ्या पश्चात शोकसभा घेतल्यास मोठ्या साहेबांनी भाषण करू नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी येथील शाळेचे हेडमास्तर बापूजी नागापुरे यांनी करावी.

इथवर लिहून मी साक्षीसाठी बापूजींना आणि दसरूला बोलावले. दसरूला सही येते, पण काय लिहिले ते ऐकल्याशिवाय तो करत नाही. बापूजींनी सर्व वाचून दाखवले. कलम तीन संपल्यावर दसरूने टाक खाली ठेवला.

"हे कवा कळंल मोठ्या साहेबाले?"

"गुणवंतराव गेल्यावर," बापूजी म्हणाले.

"आन् नाई मेले त?"

बापूजी माझ्याकडे बघू लागले.

"मंग त्या पोराचं काय? तुमी बरे होऊन आले त त्यानं काय तुमच्या मरणाची वाट पाहाची, साहेब? जित्तेपणी काऊन नाई सांगत?"

मला दसरूचा भयंकर राग आला. "तू सही करायला आलास, सही कर," मी ओरडलो. त्याने केली. तो गेल्यावर मी माझेच कलम पुन्हा वाचले. इतका वेळ मी रामाजीवर आणि साहेबांवर चिडलो होतो. ऑपरेशन नीट झाले तर हा कागद बंद राहील, वही ट्रंकेत राहील, मुश्ताकवरचा ठपका राहील आणि माझी पेन्शनही राहील. खरे बोलण्यासाठी मी मरणाची अट घातली होती. ती मी या ठिकाणी रद्द करतो. कलम तीनमधील शेवटचे वाक्य, "वही मुश्ताकच्या हाती द्यावी", मी खोडत आहे. खोडाखोडीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही घ्यायची, म्हणून दसरूला परत हाक मारली. तो कुंपणाशीच उभा होता.

बाकीची कलमे कायम. वाचून, समजून, सही केली.

गुणवंतराव महादेवराव बोरकुटे

साक्षीदार:
बापूजी नागापुरे, हेडमास्तर, आलापल्ली
दसरू मडावी, नाकेदार, आलापल्ली

उद्याचे काम: ट्रंकेतली वही घेऊन पहिल्या मोटारीने चांद्याला जाऊन चौकशी अधिकाऱ्यांसमोर जबाब देणे.