गुंडाळ्या येण्यापूर्वी

प्रिय छकुले,

तू मागवलेल्या तयार हिरवळीच्या गुंडाळ्या गुरुवारी पोहोचतील, असा निरोप आला. सतरंजीसारख्या अंथरायच्या, कडा जुळवायच्या आणि पाणी घालायचे, असे दुकानदाराने फोनवर समजावले. नोकरीच्या धबडग्यात, एवढ्या लांबून तू हे जुळवून आणलेस, याबद्दल तुझे आभार मानणे माझे कर्तव्य आहे आणि मी ते मनापासून मानतो. परंतु त्या येण्यापूर्वी काही गोष्टी तुझ्या कानावर घातल्या पाहिजेत. फोनवर ते मला जमत नाही.

आई गेल्यानंतर तू परत निघालीस, तेव्हा फाटकापाशी माझा हात धरून म्हणाली होतीस, "बाबा, काहीही झालं तरी आईची हिरवळ जाऊ देऊ नका." मी मान डोलावली. अशा वेळी कोणता बाप नाही म्हणेल? तेव्हापासून सकाळी उठल्याबरोबर पाणी, दर आठवड्याला कापणी आणि जिथे यंत्र पोहोचत नाही तिथे गुडघे टेकून कात्री, असा माझा क्रम आहे. यंत्राची दोरी ओढताना माझ्या खांद्याशी त्याचे जुने वैर असावे असे वाटते. इतके करूनही गवत मधूनमधून पिवळे पडतेच, हे तू फोनवर पाहिलेसच. म्हणून तर या गुंडाळ्या. सध्या इकडे पाणीकपात चालू आहे. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म काढून 'पाणी जपून वापरा' अशा सूचनांवर मी सह्या केल्या. त्यामुळे हातात नळी दिसली की शेजारच्या वकिलांना चेव येतो. परवा कुंपणावरून म्हणाले, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण ओलेचिंब पाषाण!" माणूस चोख बोलला होता.

मावशीने चार दिवस राहायला बोलावले, तिला नकार कळवला. जुन्या सहकाऱ्यांची सहल निघाली, तिलाही. गवताला सुट्टी नसते, म्हणून मलाही नाही. भेटायला येणारे म्हणतात, बरे झाले, बागेत मन रमवलेत. मी त्यांना चहा देतो आणि दुरुस्ती करत नाही. जेवायला बसलो की खिडकीतून ते गवत दिसते. त्याचा राखणदार मी आहे की माझा राखणदार ते, हे मला हल्ली नीट सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आजारपणात दुपार कलली की मी आईची खुर्ची बाहेर नेऊन ठेवत असे. एकदा समोर पाहत ती म्हणाली, "काय मेलं हे गवत! ना वास, ना फूल, ना चटणीला चार पानं. नुसता जावयासारखा मान हवा." मी थक्क झालो. मग इतकी वर्षे हे कशासाठी, असे विचारले. तर म्हणाली, "अहो, पोरीला आवडतं. घरी आली की आधी चपला काढून त्याच्यावर जाते, मग माझ्याकडे येते."

मग खुर्चीतूनच बोट फिरवत तिने मला सगळी जागा आखून दाखवली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पुदिना. तिथून फाटकापर्यंत क्लोव्हर, म्हणजे ती तीन पानांची बुटकी वेल, जिला फार कापावे लागत नाही, पाणीही बेताचे लागते आणि मधमाश्या येतात त्या वेगळ्याच. भिंतीच्या सावलीत काहीच धरत नाही, तिथे खडी आणि एक बाक. "पोरीला मी सांगेन, तुम्ही नका सांगू, तुम्ही नोटीस वाचल्यासारखं सांगाल," असेही म्हणाली. तिचे सांगायचे राहून गेले.

म्हणजे आईने ते तुझ्यासाठी सांभाळले, तू ते आईसाठी सांभाळते आहेस आणि मधल्या मध्ये मी नळी धरून उभा आहे. गेल्या रविवारी मी "आईचं म्हणणं असं होतं" एवढी सुरुवात केली होती. त्याच वेळी मी धरलेल्या फोनमधून तुला हिरवळ दिसली, आई तिथेच बसल्यासारखी वाटते म्हणालीस आणि रडू लागलीस. पुढचे वाक्य मी गिळले.

नव्या हिरवळीला पहिले काही आठवडे एक दिवसही सोडून जाता येणार नाही, असे दुकानदाराने बजावले आहे. त्यानंतरही सुटका नाही, हे मी अनुभवाने जाणतो. तुझ्या माघारी मी त्या गुंडाळ्या परत पाठवणार नाही आणि कुदळही मारणार नाही. तू परवानगी दिलीस, तर आईने आखले तसे करीन. ती रोपे माझ्यावाचून काही दिवस राहू शकतील. नाही म्हणालीस, तर गुरुवारी गुंडाळ्या अंथरीन, कडा सरळ रेषेत जुळवीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. मात्र मग "बाबा, इकडे या, तुमची खोली तयार आहे" असे मला म्हणत जाऊ नकोस. दर वेळी मी गवताचे कारण सांगतो आणि तुला वाटते की मला यायचे नाही. छकुले, मला यायचे आहे.

तुझ्या उत्तरापर्यंत इथेच असलेला,
तुझाच,
बाबा